अपस्माराच्या शस्त्रक्रियेआधीच्या तपासण्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेशंट आणि त्यांच्या घरचे जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. क्रमाने वाचलेच पाहिजेत असं नाही. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. एक गोष्ट आधीच सांगायला हवी: गोळ्यांचा डोस या पानाच्या आधारे बदलू नका. तो फक्त तुमच्या डॉक्टरांनी बदलायचा.

१. डॉक्टर म्हणाले, "सर्जरीच्या दृष्टीने तपासण्या करू." म्हणजे ऑपरेशन ठरलंच का?

नाही. तपासण्यांना हो म्हटलं म्हणजे ऑपरेशनला हो म्हटलं असं होत नाही, आणि कुठल्याही टप्प्यावर थांबायची मुभा असते. या सगळ्या तपासण्यांतून दोनच गोष्टी शोधायच्या असतात. फिट मेंदूच्या नेमक्या कुठल्या भागातून सुरू होते? आणि तो भाग काढला तर बोलणं, स्मरण, हातापायांची ताकद, नजर यातलं काय जाऊ शकतं? दोन्हींची उत्तरं मनासारखी आली तरच ऑपरेशनचा विषय निघतो. तपासणीला आलेल्यांपैकी बऱ्याच जणांचं ऑपरेशन होत नाही. तरी निदान पक्कं होणं किंवा औषधांची दिशा बदलणं, एवढं तरी त्यातून बहुतेकांच्या पदरात पडतं.

२. अजून कितीतरी औषधं वापरायची राहिली आहेत. मग इतक्यात ऑपरेशनचा विचार कशाला?

कारण तिसऱ्या-चौथ्या औषधाने फिट पूर्ण थांबण्याची शक्यता फार कमी असते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नव्याने उपचार सुरू केलेल्या ४७० पेशंटचा मागोवा घेतला होता. त्यांतल्या ४७ टक्के लोकांच्या फिट पहिल्याच औषधाने थांबल्या, आणखी १३ टक्के लोकांच्या दुसऱ्याने. त्यापुढची सगळी औषधं आणि त्यांची मिश्रणं मिळून जेमतेम ४ टक्क्यांची भर पडली. त्यामुळेच अपस्मारतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१० मध्ये व्याख्या केली की योग्य निवडलेली, पुरेशा डोसमध्ये घेतलेली दोन औषधं देऊनही फिट थांबत नसतील तर तो औषधांना न जुमानणारा अपस्मार. याच संघटनेच्या २०२२ च्या शिफारशीनुसार अशा पेशंटला वयाच्या ७० वर्षांपर्यंत, किती वर्षांचा आजार आहे याचा विचार न करता, लगेच तपासणीसाठी पाठवावं.

यात एक मेख आहे. अंगावर पुरळ आलं म्हणून आठवड्यात बंद केलेली गोळी "वापरून झाली" असं धरत नाहीत. निम्म्या दिवशी विसरलेली गोळीही नाही. आणि मूळ निदानच चुकलं असेल तर हा सगळा हिशेबच गैरलागू ठरतो (प्रश्न १४).

३. तपासण्या कोणत्या आणि एकूण किती काळ लागतो?

जवळपास सगळ्यांच्या होतात त्या अशा: सविस्तर इतिहास, व्हिडिओ ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद, सोबत चित्रीकरण), अपस्मारासाठी खास पद्धतीने काढलेला एमआरआय, न्यूरोसायकॉलॉजीची, म्हणजे स्मरण, भाषा अशा क्षमतांची, चाचणी आणि मानसोपचारतज्ज्ञांची भेट. त्यातून चित्र स्पष्ट झालं नाही तर पेट, स्पेक्ट (दोन्ही प्रश्न १२ मध्ये), एमईजी (मेंदूतल्या चुंबकीय लहरींची नोंद), फंक्शनल एमआरआय (एखादं काम करताना मेंदूचा कुठला भाग राबतो ते दाखवणारा) यातलं गरजेपुरतं. आणि तरीही कोडं उरलं तर डोक्यात इलेक्ट्रोड घालून केलेलं एसईईजी (प्रश्न १५). प्रत्येक टप्प्याचा निकाल पाहून पुढचा ठरतो, शिवाय भरतीसाठी बेडची वाट पाहावी लागते. काही महिने धरून चला, एसईईजी लागलं तर वर्षही.

४. एमआरआयमध्ये डाग दिसला आहे. मग तो काढून टाकायचा, बाकीच्या तपासण्या कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. डाग दिसला म्हणजे फिट तिथूनच येते असं ठरत नाही. उजवीकडे पुढच्या बाजूला जन्मापासूनची एखादी निरुपद्रवी गाठ असू शकते आणि फिट डाव्या टेम्पोरल लोबमधून (मेंदूचा कानाजवळचा भाग) येत असू शकते. डाग काढला तरी फिट तशाच राहतील आणि कवटी उघडण्याचा धोका पत्करल्याचं फळ शून्य.

प्रत्येक तपासणी वेगळ्याच गोष्टीची साक्ष देते. एमआरआय रचनेतला दोष दाखवतो. दोन फिट्सच्या मधल्या काळातला ईईजी चिडखोर झालेला भाग दाखवतो, आणि तो बहुतेक वेळा मूळ जागेपेक्षा मोठा असतो. फिटच्या वेळचा ईईजी सुरुवात दाखवतो. फिटमधली लक्षणं सांगतात की करंट पसरत पसरत कुठे पोचला. पेट आणि न्यूरोसायकॉलॉजी दाखवतात की एरवी कुठला भाग नीट काम करत नाही. या साक्षी एकाच जागेकडे बोट दाखवत असतील तर सर्जनचा हात निःशंक चालतो. दोन साक्षी विरुद्ध गेल्या तर आणखी तपास करायचा, मताला टाकून बहुमताने निर्णय घ्यायचा नाही.

५. पहिल्या भेटीला काय काय न्यावं?

आतापर्यंतच्या औषधांची यादी न्या. कोणतं, जास्तीत जास्त किती डोस, किती महिने, का बंद केलं. जुने एमआरआय सीडीवर किंवा पेन ड्राइव्हवर हवेत. छापील फिल्मवर बारकावे दिसत नाहीत आणि नुसत्या रिपोर्टचा तर काहीच उपयोग नाही. जन्माच्या वेळची अडचण, लहानपणी तापात आलेली लांबलेली फिट, मेंदूज्वर, डोक्याला मार, घरात आणखी कोणाला अपस्मार, हे सगळं लिहून न्या.

आणि मोबाइलवर काढलेला फिटचा व्हिडिओ. जोराचे झटके सगळे चित्रित करतात, पण ते बहुतेक फिट्समध्ये सारखेच दिसतात. डॉक्टरांना हवे असतात पहिले पाच-दहा सेकंद आणि शेवटचं मिनिट. सुरुवातीला पोटातून काही वर चढल्यासारखं वाटलं का? मान कुठे वळली? कुठला हात वाकडा आणि ताठ झाला, कुठला हात कपडे चाचपत राहिला? टेम्पोरल लोबच्या फिटमध्ये ताठ झालेला हात सहसा फिटच्या विरुद्ध बाजूचा असतो. फिट ओसरल्यावर पेशंट नाक पुसतो तो हात बहुधा फिट जिथून आली त्याच बाजूचा. शुद्धीवर आल्यावर बोलणं लगेच फुटलं की शब्द सापडायला पाच मिनिटं लागली, यावरून भाषेचं केंद्र त्यात ओढलं गेलं का याचा अंदाज येतो. नाक कुठल्या हाताने पुसलं हे घरच्यांना क्षुल्लक वाटतं. तपासणाऱ्याला ते अर्ध्या रिपोर्टइतकं मोलाचं असतं.

६. व्हिडिओ ईईजीसाठी भरती झाल्यावर नेमकं काय करतात?

साध्या ईईजीत वीस-तीस मिनिटं नोंद होते, इथे रात्रंदिवस, साधारण तीन ते सात दिवस. पहिल्या दिवशी तंत्रज्ञ टेपने डोकं मोजतो, पेन्सिलने खुणा करतो, त्या जागा खरखरीत जेलने घासतो आणि वीस-पंचवीस इलेक्ट्रोड चिकटवतो. कानापुढच्या आणि गालाच्या वरच्या भागात जादा इलेक्ट्रोड असतात, कारण टेम्पोरल लोबचा खालचा भाग तिथूनच नीट टिपता येतो. चिकटवायला बहुधा कोलोडियन वापरतात. त्याला उग्र वास असतो आणि काढताना अ‍ॅसिटोनसारखा द्रव लागतो. डोकं भादरत नाहीत.

येताना केस धुऊन, कोरडे करून या. तेल, जेल, कंडिशनर काही नको. चिकटलेला इलेक्ट्रोड तेलकट कातडीवरून रात्रीतून सुटतो आणि नेमकी फिट त्याच वेळी येते. कपडे पुढून बटणांचे हवेत, डोक्यावरून काढायचे नकोत. सगळ्या वायरी एका छोट्या डब्यात जातात, तो खांद्याला किंवा कमरेला असतो. टॉयलेटला जाता येतं, पण सोबत कोणीतरी हवं आणि आतून कडी लावायची नाही. अंघोळ पुसून घ्यायची. च्युइंगम नको, कारण चावण्याच्या स्नायूंची हालचाल नोंदीवर काळे पट्टे ओढते आणि खालच्या लहरी झाकून टाकते. डोकं खाजलं तरी खाजवू नका. असह्य झालं तर नर्सला सांगा. एका जागी सतत जळजळ होत असेल तर तेही सांगा, तिथे कातडी सोलली जाऊ शकते आणि इलेक्ट्रोड थोडा सरकवता येतो.

हाताला सलाइनची सुई लावून ठेवतात. तिच्यातून एरवी काही देत नाहीत. फिट लांबली तर औषध तत्काळ देता यावं म्हणून ती असते.

७. तिथे फिट मुद्दाम येऊ देतात हे खरं का? मग धोका नाही का?

खरं आहे. नेहमीसारख्या तीन ते पाच फिट्स नोंदल्या गेल्याशिवाय सुरुवातीच्या जागेबद्दल खात्रीने बोलता येत नाही. त्यासाठी गोळ्या टप्प्याटप्प्याने कमी करतात आणि काही रात्री कमी झोपायला सांगतात.

धोका आहे, म्हणूनच हे काम हॉस्पिटलात होतं. नेहमीपेक्षा मोठी फिट येऊ शकते, लागोपाठ फिट्स येऊ शकतात आणि क्वचित फिट थांबतच नाही. जोराच्या झटक्यात खांदा निखळतो किंवा पाठीचा मणका दबतो. फिटनंतर दोन दिवस पाठ दुखत राहिली तर "झोपून झोपून दुखत असेल" म्हणून सोडून देऊ नका, एक्स-रे मागा.

एका गोष्टीबद्दल घरच्यांना आधी सांगितलेलं नसतं आणि मग त्यांची धांदल उडते. लागोपाठ फिट्स येऊन गेल्यावर पेशंट अगदी ठीक असतो. मग काही तासांनी किंवा दोन-तीन दिवसांनी त्याला झोप येईनाशी होते, तो संशय घेऊ लागतो, नसलेले आवाज ऐकू येतात, देवाचं किंवा मरणाचं बोलतो. ही फिटनंतरची मनोविकृती, औषधाने बहुधा आठवड्याभरात निवळते. पण तोवर डिस्चार्ज झालेला असू शकतो. तसं वाटलं तर त्याच दिवशी हॉस्पिटलला फोन करा आणि पेशंटला एकटं सोडू नका.

८. लवकर फिट यावी म्हणून घरूनच गोळ्या कमी करून येऊ का?

नको. क्लोबाझाम, क्लोनाझेपाम, फिनोबार्बिटोन अशा गोळ्या अचानक थांबवल्या तर थांबवण्यामुळेच गंभीर फिट्स येतात, त्या नेहमीच्या जागेहून आलेल्याही नसतात. म्हणजे धोका तर वाढतो आणि नोंद फसवी मिळते. वॉर्डात गोळ्या कमी करतात तेव्हाही या गटातल्या गोळ्यांना सहसा सगळ्यात शेवटी हात लावतात.

९. सोबत राहणाऱ्याने फिटच्या वेळी काय करायचं?

बटण दाबा. मग कॅमेरा आणि पेशंट यांच्यामधून बाजूला व्हा. पांघरूण दूर करा, म्हणजे हातपाय दिसतील. जे दिसतं ते मोठ्याने बोला, कारण आवाजही रेकॉर्ड होतो: "डावा हात ताठ झाला, तोंड चावल्यासारखं करतोय." हात धरून ठेवू नका, मिठी मारू नका, तोंडात काही घालू नका. मायेपोटी पेशंटला कवटाळणाऱ्या घरच्यांमुळे चांगली नोंद वाया गेल्याची उदाहरणं प्रत्येक वॉर्डात आहेत.

नर्स धावत येऊन प्रश्न विचारू लागेल: नाव काय, उजवा हात वर करा, हे काय आहे? ती एखादा शब्द देईल, समजा "पतंग", आणि शुद्धीवर आल्यावर तो विचारेल. ही फिटच्या मधोमध घेतलेली परीक्षा आहे. पेशंटला ऐकू येत होतं का, बोलता येत होतं का, नवीन गोष्ट साठवता येत होती का, हे त्यातून कळतं. तुम्ही मधेच उत्तर पुरवू नका.

नुसती चाहूल लागली, पोटात गोळा आला, तरी पेशंटने स्वतः बटण दाबावं. "एवढ्यासाठी कशाला" असं म्हणून राहून गेलेली छोटी फिटच कधीकधी सगळ्यात जास्त सांगून जाते.

१०. पाच दिवस झाले, गोळ्या बंद आहेत, तरी एकही फिट नाही. आता?

असं बऱ्याचदा होतं. घरची धावपळ, अपुरी झोप, चुकलेली जेवणं हे सगळं हॉस्पिटलात नसतं. मुक्काम वाढवतात, जागरण करवतात, किंवा पुन्हा बोलावतात. बायकांच्या फिट्स पाळीच्या आसपास वाढत असतील तर भरतीची तारीख त्याप्रमाणे मागून घ्या. हे आधी कोणी विचारेलच असं नाही, तुम्ही सांगा. घरी फिट कशाने येते, कोणत्या वेळी, झोपेतून उठताना की दुपारी, हेही सांगून ठेवलं तर वॉर्डात तशी परिस्थिती आणता येते.

घरी परतताना गोळ्या मूळ डोसवर कधी आणि कशा आणायच्या याचा कागद हातात घेतल्याशिवाय निघू नका.

११. माझा एमआरआय दोनदा "नॉर्मल" आला आहे. तिसऱ्यांदा कशाला?

कारण आधीचे दोन बहुधा सर्वसाधारण पद्धतीने काढलेले असतात. त्यात पाच-पाच मिलिमीटर जाडीचे काप घेतात. अपस्मारासाठीच्या पद्धतीत एक मिलिमीटरचे सलग त्रिमितीय टी१ आणि फ्लेअर काप घेतात, आणि हिपोकॅम्पसच्या (टेम्पोरल लोबच्या आतला, स्मरणाशी जोडलेला भाग) लांबीला काटकोनात टी२ काप. टी१, टी२, फ्लेअर ही एमआरआयच्या चित्रांच्या प्रकारांची नावं. हिपोकॅम्पस आक्रसला आहे का, त्याच्या आतली घडी नाहीशी झाली आहे का, हे त्या काटकोनी कापातच नीट दिसतं. मेंदूच्या सालीतला, म्हणजे पृष्ठभागावरच्या थरातला, जन्मजात दोष तर एखाद्या खोबणीच्या तळाशी, हरभऱ्याएवढा लपलेला असू शकतो. शक्यतो तीन टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) यंत्र हवं. पण चांगल्या यंत्राइतकीच गरज असते ती रोज असे स्कॅन वाचणाऱ्या डोळ्यांची, आणि त्या डोळ्यांना ईईजी काय म्हणतो हे आधी सांगण्याची. नेमकं कुठे शोधायचं हे कळल्यावर "नॉर्मल" स्कॅनमधला दोष सापडल्याची उदाहरणं थोडी नाहीत.

१२. पेट आणि स्पेक्ट यात फरक काय? दोन्ही लागतात का?

पेट शांत काळात काढतात, स्पेक्ट फिटच्या वेळी. पेटमध्ये किरणोत्सारी साखर टोचतात. ज्या भागातून फिट येते तो एरवी साखर कमी वापरतो आणि चित्रात फिका दिसतो. आधी चार ते सहा तास उपाशी राहायचं, टोचल्यावर अर्धा-पाऊण तास अंधाऱ्या खोलीत गप्प पडून राहायचं. मोबाइल नाही, वाचन नाही, गप्पा नाहीत, कारण मेंदूचा जो भाग राबेल तो साखर ओढेल. या काळात फिट आली तर लगेच सांगा. मग फिका दिसायचा तो भाग तेजस्वी दिसतो आणि वाचणारा फसतो.

स्पेक्टची गंमत वेगळी आहे, म्हणजे गंमत बघणाऱ्याला, वॉर्डाला नाही. औषध भरलेली सिरिंज शिशाच्या आवरणात घालून नर्स दिवसभर जवळ बसते. फिट सुरू होताच तीस सेकंदांच्या आत ते गेलं पाहिजे. मिनिटभरात ते मेंदूत पक्कं बसतं, त्यामुळे प्रत्यक्ष स्कॅन तासा-दोन तासांनी काढला तरी चालतो. फिटच्या क्षणी जिथे रक्त धावलं ती जागा गोठलेल्या छायाचित्रासारखी मिळते. टोचायला उशीर झाला तर फिट पसरून जिथे पोचली ती जागा उजळते, सुरुवातीची नाही. वीस-तीस सेकंदांच्या छोट्या फिट्स असणाऱ्यांना ही तपासणी म्हणूनच फारशी जमत नाही. दोन्ही लागतीलच असं नाही. एमआरआय आणि ईईजी एकमेकांशी जुळले तर कित्येकदा एकही लागत नाही.

१३. स्मरणशक्तीची परीक्षा, वाडा टेस्ट, मानसोपचारतज्ज्ञ: हे सगळं कशासाठी? मी वेडा आहे असं वाटतं का त्यांना?

न्यूरोसायकॉलॉजीच्या चाचणीत नापास होण्यासारखं काही नसतं. तीन ते सहा तास शब्दांच्या याद्या, गोष्टी, आकृत्या, कोडी चालतात. शब्द लक्षात राहत नसतील तर बहुधा भाषेच्या बाजूचा, म्हणजे बहुतेकांचा डावा, टेम्पोरल लोब कमकुवत. आकृत्यांचं पुरावा म्हणून वजन त्यापेक्षा कमी. इथे एक उलटी गोष्ट लक्षात घ्या. ज्या बाजूचं ऑपरेशन करायचं त्या बाजूची स्मरणशक्ती आधीच कमी असेल तर गमावण्यासारखं थोडंच उरलेलं असतं. ती उत्तम असेल तर ऑपरेशननंतर घट जास्त जाणवू शकते, आणि मग निर्णय अवघड होतो. चाचणी तुम्ही विचार करता त्या भाषेत व्हावी असा आग्रह धरा. चष्मा, श्रवणयंत्र न्या. आदल्या दिवशी मोठी फिट आली असेल किंवा टोपिरामेटसारखं शब्द अडवणारं औषध चालू असेल तर आधी सांगा.

वाडा टेस्टमध्ये मानेतल्या रक्तवाहिनीत नळीवाटे औषध सोडून मेंदूचा एक अर्धा भाग काही मिनिटं झोपवतात आणि उरलेला अर्धा बोलू शकतो का, लक्षात ठेवू शकतो का ते पाहतात. जुहन वाडा यांनी ही पद्धत १९४९ मध्ये मांडली. आता भाषेची बाजू ठरवायला बहुतेक ठिकाणी फंक्शनल एमआरआय पुरतो. वाडा अडलेल्या थोड्या केसेससाठी उरली आहे. डावखुऱ्यांना हमखास वाटतं की आपली भाषा उजवीकडे असणार. त्यांच्यातही सुमारे ७० टक्के लोकांची ती डावीकडेच असते, पण उरलेल्यांसाठी तपासून घ्यावंच लागतं.

मानसोपचारतज्ज्ञ यासाठी की अपस्मारात उदासीनता आणि चिंता खूप आढळतात, आणि ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही महिन्यांत, फिट थांबल्या तरीही, त्या उफाळू शकतात. आधी नोंद असली तर उपचार वेळेत होतात. पूर्वी नैराश्य येऊन गेलं म्हणून ऑपरेशन नाकारत नाहीत, त्यामुळे लपवून काही मिळत नाही.

१४. आठ वर्षं गोळ्या घेतल्या आणि आता म्हणतात की या फिट्स अपस्माराच्या नाहीतच. हे कसं शक्य आहे?

शक्य आहे आणि दुर्मीळही नाही. व्हिडिओत झटके दिसतात, पण त्या क्षणी मेंदूच्या लहरींत फिटचा मागमूस नसतो. याला मानसिक कारणाने येणारे झटके म्हणतात. ते नाटक नसतं, पेशंट ते ठरवून करत नाही, आणि त्यावर समुपदेशनाचा उपचार आहे. अपस्माराच्या गोळ्यांचा मात्र उपयोग नाही. गुंता दोन ठिकाणी होतो. काही जणांना दोन्ही प्रकारचे झटके असतात, म्हणून घरच्यांनी व्हिडिओ पाहून "नेहमीची फिट हीच" आणि "अशीही एक येते" हे वेगवेगळं सांगायला हवं. आणि फ्रंटल लोबच्या (मेंदूचा कपाळामागचा भाग) आतल्या बाजूच्या काही खऱ्या फिट्स विचित्र दिसतात, पाय सायकल चालवल्यासारखे हलतात, पण डोक्यावरच्या इलेक्ट्रोडला काही सापडत नाही. झोपेतून अचानक, एकसारख्याच, अर्ध्या मिनिटात संपणाऱ्या फिट्स असतील तर निष्कर्षाची घाई करू नये.

१५. डोक्यात इलेक्ट्रोड घालायचे म्हणतात. कवटी उघडतात का?

एसईईजीमध्ये नाही. पूर्ण भूल देऊन कवटीला अडीच-तीन मिलिमीटरची छिद्रं पाडतात आणि प्रत्येकातून ०.८ मिलिमीटर जाडीची लवचीक तार आखलेल्या मार्गाने आत सोडतात. अशा साधारण आठ ते सोळा तारा, प्रत्येकीवर पाच ते अठरा संपर्कबिंदू. मार्ग आखताना रक्तवाहिन्या दाखवणारा स्कॅन आधी घेतात, कारण या प्रक्रियेतला खरा धोका रक्तस्रावाचा: साधारण शंभरात एकाला, आणि संसर्गही त्याच्याच आसपास. तारा बसल्यावर सीटी काढून तो एमआरआयवर बसवतात, म्हणजे कुठला बिंदू कुठे आहे हे मिलिमीटरपर्यंत कळतं. मग एक ते दोन आठवडे व्हिडिओ ईईजीसारखंच. डोक्याला मोठं बँडेज, थोडी डोकेदुखी, जबडा उघडताना दुखणं. मेंदूला स्वतःला वेदना नसते.

ही पद्धत पॅरिसमध्ये तालेराक आणि बांको यांनी १९५० ते ६० च्या दशकांत उभी केली, आणि तिचा कणा आजही तोच आहे: आधी तर्क, मग तारा. तार जिथे गेली तिथलंच ऐकू येतं. शेजारी दोन सेंटिमीटरवर काय चाललंय ते कळत नाही. "आम्हाला काही सुचत नाही म्हणून एसईईजी करून बघू" असं कोणी म्हणालं तर थांबून विचारा की नेमका तर्क काय आहे आणि कुठली शक्यता तपासायची आहे. कवटी उघडून पृष्ठभागावर जाळी ठेवण्याची जुनी पद्धतही काही वेळा लागते, विशेषतः भाषेच्या भागाचा बारीक नकाशा हवा असेल तेव्हा.

१६. तारा आत असताना "करंट देऊन बघतात" म्हणजे काय?

दोन बिंदूंमध्ये थोडा वेळ सौम्य करंट देतात आणि तुम्ही वाचत, मोजत, चित्रांची नावं सांगत असता. बोलता बोलता शब्द अडला तर तो बिंदू भाषेचा. बोट थरथरलं तर हालचालीचा. नेहमीची चाहूल लागली तर ती फिटच्या जाळ्यातली जागा. दुखत नाही, पण शब्द ओठांवर असून बाहेर न पडणं घाबरवतं, म्हणून आधी सांगतात. काही केंद्रांत शेवटच्या दिवशी याच तारांमधून उष्णता देऊन फिटचा छोटा भाग जाळतात. त्याने काही जणांच्या फिट्स कमी होतात. कायमच्या थांबतीलच याची हमी नसते, पण काही महिने तरी फरक पडला तर जागा बरोबर आहे असा तो मोठा पुरावा.

१७. मूल दोन वर्षांचं आहे. थोडं मोठं होईपर्यंत थांबावं का?

सहसा नाही. रोजच्या फिट्समध्ये वाढता मेंदू शिकायचा राहून जातो, आणि लहान मेंदू काढलेल्या भागाचं काम दुसरीकडे वळवण्यात मोठ्यांपेक्षा पटाईत असतो. तपासण्यांत फरक असा: एमआरआय भूल देऊन होतो. पहिल्या दोन वर्षांत मेंदूतल्या तंतूंवर आवरण चढत असतं, त्यामुळे सालीतला दोष सहा महिन्यांच्या आत दिसतो, मधे लपतो आणि अडीच वर्षांनंतर पुन्हा दिसतो. जुना स्कॅन जपून ठेवा. बाळाचा ईईजी सगळीकडे बिघडलेला दिसला तरी मूळ एकाच जागी असू शकतं, म्हणून "पसरलेला आहे, ऑपरेशन नाही" हे मोठ्यांचं गणित बाळांना लावू नये. मतिमंदत्व असणं हेही ऑपरेशन नाकारण्याचं कारण नाही.

१८. काही खास परिस्थिती असेल तर?

व्हीएनएस (मानेतल्या व्हेगस नसेला करंट देणारं यंत्र) बसवलेलं असेल तर एमआरआय ठरावीक अटींवर होतो. आधी यंत्राचं आउटपुट शून्यावर आणतात, नंतर पुन्हा चालू करतात. मॉडेलचं कार्ड सोबत हवं. ते नसलं की दिवस फुकट जातो. एमईजीच्या नोंदीत मात्र हे यंत्र गोंधळ घालतं.

गरोदरपणात पेट, स्पेक्ट, वाडा आणि गोळ्या कमी करणं पुढे ढकलतात. स्तनपान चालू असेल तर किरणोत्सारी औषध टोचण्याआधी सांगा.

व्हॅल्प्रोएटमुळे प्लेटलेट कमी होऊ शकतात आणि रक्त गोठायला वेळ लागू शकतो. एसईईजीआधी त्याच्या तपासण्या होतात, काही ठिकाणी गोळी बदलतात. अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारं काहीही चालू असेल तर स्वतःहून सांगा, "ती हृदयाची गोळी आहे" म्हणून वगळू नका.

जनुकीय तपासणीत एससीएन१ए या जनुकातला दोष निघाला तर काढण्याजोगी एक जागा सहसा नसते. पण डीईपीडीसी५ या जनुकातला दोष सालीतल्या एकाच जागच्या बिघाडासोबत येऊ शकतो आणि तिथे ऑपरेशन उपयोगी पडतं. जनुकीय म्हणजे ऑपरेशन बाद, असं सरसकट नाही.

दोन्ही टेम्पोरल लोबमधून फिट्स येताना दिसल्या तर एसईईजीने खात्री करतात. कधीकधी एकाच बाजूची फिट झपाट्याने पलीकडे उडी मारत असते. दोन्ही बाजू खरोखर सारख्या दोषी असतील तर दोन्ही हिपोकॅम्पस काढता येत नाहीत. १९५३ मध्ये एच. एम. या पेशंटवर तसं ऑपरेशन झालं, आणि २००८ मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत घडणारा कुठलाही नवा प्रसंग त्यांच्या लक्षात राहिला नाही.

१९. शेवटी निर्णय कोण घेतं, आणि मी काय विचारायचं?

अपस्मारतज्ज्ञ, न्यूरोसर्जन, रेडिओलॉजिस्ट, न्यूरोसायकॉलॉजिस्ट आणि मानसोपचारतज्ज्ञ एकत्र बसून सगळे पुरावे मांडतात आणि शिफारस करतात. निर्णय तुमचा. तिथे ही चार गोष्टी आकड्यांत विचारा: माझ्यासारख्या केसमध्ये शंभरात किती जणांच्या फिट्स पूर्ण थांबतात? कुठली क्षमता जाऊ शकते आणि किती जणांची जाते? वरच्या कोपऱ्यातली नजर जाण्याचा धोका किती? टेम्पोरल लोबच्या ऑपरेशनमध्ये नजरेचे तंतू वाटेतच असतात, म्हणून आधी दृष्टिक्षेत्राची तपासणी करून घ्या. आणि ऑपरेशन न करण्याचा धोका किती? हा शेवटचा प्रश्न लोक विसरतात. अपस्मार असलेल्या हजार प्रौढांत वर्षाला साधारण एकाचा अचानक मृत्यू होतो, आणि मोठ्या फिट्स न थांबणाऱ्यांत हे प्रमाण बरंच जास्त आहे.

तुलनेसाठी: २००१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत टेम्पोरल लोबच्या ८० पेशंटपैकी निम्म्यांना ऑपरेशनच्या गटात आणि निम्म्यांना औषधांच्या गटात घातलं होतं. वर्षाअखेरीस शुद्ध हरपणाऱ्या फिट्सपासून मोकळे झालेले पहिल्या गटात ५८ टक्के होते, दुसऱ्यात ८. एमआरआयमध्ये दोष दिसत नसेल किंवा फिट टेम्पोरल लोबबाहेरून येत असेल तर यशाचं प्रमाण यापेक्षा कमी धरा.

२०. "ऑपरेशन करता येणार नाही" असं सांगितलं. फाइल बंद?

आधी कारण लेखी मागा. जागा सापडली नाही, जागा सापडली पण तिथेच भाषा आहे, की जागा एकापेक्षा जास्त आहेत? तिन्हींचे पुढचे रस्ते वेगळे. पहिल्यात काही वर्षांनी नव्या एमआरआयसह पुन्हा तपासणी. दुसऱ्यात फिट टिपून जागीच शमवणारं कवटीतलं यंत्र किंवा भाषेला धक्का न लावता केलेलं मर्यादित ऑपरेशन. तिसऱ्यात व्हीएनएस, थॅलॅमसमध्ये (मेंदूच्या खोल मध्यभागी) बसवायचं डीबीएस, म्हणजे तिथे करंट देणारं यंत्र, किंवा किटोजेनिक आहार (भरपूर स्निग्ध, पिष्ट पदार्थ फार कमी). दुसऱ्या केंद्राचं मत घ्यायचं असेल तर रिपोर्टबरोबर फिटच्या वेळचे ईईजीचे मूळ तुकडे, त्याच वेळचे व्हिडिओ आणि एमआरआयच्या मूळ फाइल मागून घ्या. ही मागणी डिस्चार्जच्या दिवशीच करा. व्हिडिओ फार जागा खातात म्हणून बऱ्याच ठिकाणी निवडक भाग ठेवून बाकीचे काही काळाने पुसून टाकतात.